परातीसाठी कॅमेरा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील महाडला नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. एसटीच्या बंद केलेल्या फेरीपासून नळाच्या गढूळ पाण्यापर्यंत, ज्या कशाचा निषेध करता येईल त्याचा त्यांनी केला. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, डब्यांच्या तळाशी तीच, आणि आई वडेही त्यांच्यावरच निथळत ठेवायची. त्यामुळे आमच्याकडच्या वड्यांवर 'जाहीर' नाहीतर 'धिक्कार' असं उलट्या अक्षरांत उमटलेलं असायचं, आणि ते आम्ही चटणीला लावून खायचो. अशा घरातल्या मुलीनं कॅमेऱ्याविरुद्ध पत्रक काढलं यात काही नवल नाही. नवल एवढंच की तो कॅमेरा निवडून आणायला घरच्यांनी मलाच पाठवलं.

आधी चाव्यांचं सांगते. आमचं मूळ घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत आहे. तिथली निम्म्याहून जास्त घरं वर्षभर कुलपात असतात, माणसं मुंबईला. या सगळ्या कुलपांच्या चाव्या माझ्या काकीच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या एका खिळ्यावर असायच्या. काकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका आता नाहीत, मुलगी लग्न होऊन वरंधला गेली, काकी एकटी राहते. पण सणाला मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस आधी काकीच्या पडवीत बॅग टेकवायचा, चहा प्यायचा, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मधुमेह निघाला ते सांगायचा आणि मगच चावी घेऊन स्वतःच्या घरी जायचा. वर्षाचे बाकीचे महिने काकी त्या चहांवर काढायची.

दुसरी पद्धत भांड्यांची. वाडीत कोणाकडे सत्यनारायण असो नाहीतर साखरपुडा, भांडी लागली की काकीकडे जायचं, ज्याच्या घरी मोठा टोप असेल त्या घराची चावी घ्यायची, टोप न्यायचा, घासून परत ठेवायचा. मालकाला विचारायचं नसतं, कारण मालक मुंबईला. मालक गावी आला तरी तो कोणाच्या तरी भलत्याच परातीत पीठ मळत असतो. आमच्या वाडीत आपल्याच ताटात जेवलेला माणूस शोधूनच काढावा लागेल.

तर गेल्या शिमग्याला मोठे काका मुंबईहून आले. हे वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त झालेले, वाडीच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं घर काकीच्या घराला लागूनच. त्यांनी घर उघडलं, पुरणपोळीच्या तयारीला परात शोधली आणि परात नव्हती. साधी परात नव्हे. आजोबांची पितळेची, भरली की दोन माणसांनी उचलायची, काठावर ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचं नाव कोरलेली. काकांनी माळा बघितला, पलंगाखाली बघितलं, शेवटी फ्रिजमध्येसुद्धा डोकावले. मग दुसऱ्याची परात आणून पोळ्या झाल्या, त्या खाल्ल्या, आणि मुंबईला परतल्यावर त्यांनी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: 'वडिलोपार्जित परात गहाळ आहे. सर्व चाव्या एकाच व्यक्तीकडे असतात. विचार व्हावा.'

त्या संदेशाशेजारी नेहमीप्रमाणे काकांचा गोल फोटो होता. वाडीतल्या देवळाच्या सभामंडपाचं काम सुरू झालं त्या दिवशीचा: डोक्याला फेटा, गळ्यात हार, शेजारी पाहुणे आणि दोघांच्या हातात मिळून धरलेलं काहीतरी. फोटो एवढासा की आम्ही सगळे ते नारळांचं ताट समजायचो.

काकीकडे साधा फोन आहे. शेजारणीनं तिला तो संदेश वाचून दाखवला. काकीनं तो दोनदा वाचायला लावला, चुलीजवळच्या खिळ्यावरच्या सगळ्या चाव्या काढल्या आणि बाहेर पडवीच्या खांबावर नेऊन टांगल्या.

"ज्याची त्यानं बघा," ती म्हणाली. "परात गावंपर्यंत मी कोणाच्या कुलपाला हात लावनार नाय."

दुसऱ्या दिवशी काकांचा पुढचा संदेश आला. कॅमेरा बसवायचा. सगळ्यांना मोबाइलवर दिसेल असा.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता 'पाळत कोणावर? संशय कोणाचा?' ज्या बाईनं तुमच्या घरांची राखण केली तिच्यावरच डोळा रोखता, असं त्यात होतं. कुलूप चोराला अडवतं आणि कॅमेरा शेजाऱ्याला, असंही होतं. आजही मला ते वाक्य पटतं. झेरॉक्स काढल्या आणि रविवारी एसटीनं पोलादपूर, तिथून टमटमनं वाडी गाठली. काकीच्या हातात पहिलं पत्रक दिलं. तिनं अंगणात उभं राहून, ओठ हलवत, सगळं वाचलं. मागची बाजू कोरी आहे ना तेही बघितलं.

"झ्याक लिवलंस गो," ती म्हणाली. "पन परातीचं काय?"

"काकी, प्रश्न परातीचा नाही. तुझ्या मानाचा आहे."

"माझा मान परातीतच हाय ना आता. कॅमेरा बसू दे. येऊ दे कोन येतो तो न्यायला. मी बसते हितंच, सगल्यांना दिसेन. मी काय नेते, काय नाय, बघा म्हनावं दिवसभर."

"म्हणजे तुला कॅमेरा हवाय?"

"तर. आनी तूच आन. भाऊजींनी आनला तर आपल्याच दाराकडं तोंड करून लावतील. चाव्या दिसल्या पायजेत त्यात."

मी ज्यांची बाजू घेऊन लढते ती माणसं मला नेहमी अशीच पेचात टाकतात. बाकीच्या पत्रकांवर काकीनं त्या आठवड्यात पोह्याचे पापड वाळवले. मी विरोध मागे घेतला नाही. अटी घातल्या. कॅमेरा मान वळवणारा नसावा. कोणाच्या दारावर, खिडकीवर रोखलेला नसावा. आवाज टिपणारा तर नसावाच. बायकांच्या पडवीतल्या गप्पा मुंबईत ऐकू जाणं हा सरळ सरळ अत्याचार आहे. काका फोनवर म्हणाले, "अगो, आवाज नाय तर चोर पकडणार कसा?" मी म्हटलं, "चोर परात नेताना भाषण करत नाही." ते म्हणाले, "बापावर गेलीस." आणि अटी मान्य झाल्या.

महाडच्या बाजारपेठेत कॅमेऱ्याचं एक दुकान आहे. पुरानंतर महाडचा कोणताही दुकानदार महाग माल खाली ठेवत नाही, त्यामुळे प्रत्येक कॅमेरा दाखवायला मालकाला शिडीवर चढावं लागत होतं. माणूस जाडसर होता आणि मी एकामागून एक नाही म्हणत होते. तो शिडीवरूनच बोलू लागला.

"घरात चोरण्यासारखं काय आहे, ताई? म्हणजे मला अंदाज येईल."

"एक परात."

"सोन्याची?"

"पितळेची. आणि ती आधीच गेलीय."

त्यानं हातातला कॅमेरा परत खोक्यात ठेवला. "माझं दुकान आहे म्हणून सांगू नये, पण परातच नवी घ्या की."

"प्रश्न परातीचा नाही. तत्त्वाचा आहे."

"बरं. तत्त्वाला अंधारात दिसणारा लागेल का साधा चालेल?"

मी त्याला अटी सांगितल्या. फिरणारा नको. ऐकणारा नको. त्यानं विचारलं, बोलणारा चालेल का, म्हणजे मुंबईहून बोललं की कॅमेऱ्यातून आवाज येतो. मी डोळ्यांसमोर आणलं: काकी तांदूळ निवडतेय आणि वाशाखालून मोठे काका खाकरतायत. नको. माणूस हलला की भोंगा वाजतो तसला? नको. चेहरे ओळखणारा? मी त्याला चेहरे ओळखण्याच्या राजकारणावर थोडं बोलले. तो शिडीवरून उतरला, पाणी प्यायला, पुन्हा चढला.

"म्हणजे तुम्हाला आंधळा नाही, पण मुका, बहिरा आणि मान आखडलेला कॅमेरा हवाय."

"हो. आणि वीज गेली तरी चालणारा. वाडीत वारा सुटला की वीज जाते. आणि वायफाय नाही, रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते."

शेवटी त्यानं सिमकार्डावर चालणारा, सोबत वायरनं जोडायची सौरऊर्जेची लहानशी पाटी असलेला एक पांढरा कॅमेरा काढला. बाकी सगळं त्यात होतं, पण बंद करता येत होतं. मी आवाज त्याच्याकडून समोरच बंद करून घेतला आणि दोनदा टाळ्या वाजवून खात्री केली. आयुष्यात मी जिंकलेली ही पहिली मागणी. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "लेखी घे."

कॅमेरा बसवायला दुकानदार स्वतः आला, बहुतेक परातीच्या उत्सुकतेनं. पडवीच्या ज्या कोपऱ्यात रेंज होती तिथल्या वाशाच्या बाहेर आलेल्या टोकाला कॅमेरा लागला, पाटी वर पत्र्यावर, तोंड अंगणाकडे, आणि चौकटीच्या बरोबर मधे खांबावरच्या चाव्यांचा घोस. मोठे काका व्हिडिओ कॉलवर होते. मला मोबाइल वर, खाली, डावीकडे फिरवायला लावत होते.

"याच्यावर छप्पर पायजे," ते म्हणाले. "आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय. लाव काहीतरी, स्ट्राँग बघून."

दुकानदारानं पत्र्याचा तुकडा मागितला. पत्रा नव्हता. मागच्या गोठ्यात कोंबड्या पाणी प्यायच्या तिथं एक मोठं, गोल, काळं काहीतरी पडलेलं होतं. आत सिमेंटचा थर बसलेलं, बाहेरून शेणामातीनं लिंपलेलं. ते मी ढकलत आणलं. दुकानदारानं हातोड्यानं ठोकल्यावर सिमेंटचा एक पापुद्रा भाकरीसारखा सुटला, बाकीचं आतच राहिलं. ते उपडं करून त्यानं कॅमेऱ्यावर जाड तारेनं बांधलं.

"आता बघा काका," मी मोबाइल वर धरला.

"हां," काका म्हणाले. "हे बरोबर हाय. मजबूत दिसतंय. असली वस्तू पायजे." मग त्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं. "वरती जरा काळी कड येतेय पण. चालेल. ॲडजस्ट करू."

अशा रीतीनं परात-शोध सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या सगळ्या भावकीच्या फोनवर दिवसभर 'हालचाल आढळली' असं येत राहिलं. कोंबडी गेली, हालचाल आढळली. वांदर आलं, हालचाल आढळली. काकी झाडू मारायला आली की नऊ घरांत एकदम टिंग व्हायचं. एक चुलतभाऊ ऑफिसातून मला फोन करून म्हणाला, "साहेब विचारतायत, तुझ्या घरी चाललंय तरी काय. मी काय सांगू? तांबडा कोंबडा?"

मग कोणाकडे तरी पूजा निघाली आणि भांडी लागली. काकी चावीला हात लावेना. तेव्हा बायकांनी स्वतःच एक पद्धत पाडली. खांबावरून चावी घ्यायची, ती आधी कॅमेऱ्याला दाखवायची, भांडं घेऊन यायचं, तेही दाखवायचं, आणि मोठ्यानं सांगायचं. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही हे मी प्रत्येकीला समजावलं. त्यानं काही फरक पडला नाही.

"दोन टोप नेतेय, झाकनासकट," एक वाशाकडे तोंड करून ओरडायची. "उद्या सांजच्याला आनून देईन."

"झाऱ्या पन हाय तुझ्या हातात, तो नाय सांगितलास," दुसरी मागून टोकायची.

"झाऱ्या माझा सोताचा हाय."

"मग दाखव आनी सांग, सोताचा हाय म्हनून. नायतर मुंबईला वाटंल चोरलान."

मुंबईला फक्त बायका तोंड हलवत झारे नाचवताना दिसायच्या. काकांनी ग्रुपवर विचारलं की या कोणाला धमकी देतायत. त्यांच्या शेजारी तोच गोल फोटो, हार, फेटा, ताट.

वर वर ही सगळी मजा होती, पण काकी मात्र हसत नव्हती. ती रोज सकाळी खुर्ची टाकून चाव्यांच्या खाली बसायची, दिसेल अशी. मध्ये एक कुटुंब मुंबईहून आलं, त्यांनी खांबावरची चावी घेतली, कॅमेऱ्याला हात केला आणि थेट आपल्या घरी गेलं. चहाचं आधण चुलीवर तसंच राहिलं. काकीनं ते गाईच्या आंबोणात ओतलं. "कामात असतील," ती म्हणाली. मी त्या दिवशी मनात तीन पत्रकं लिहिली, तिन्ही एकाहून एक कडक, आणि एकाचाही उपयोग नव्हता.

वैशाखात काकीनं दरवर्षीप्रमाणे पडवीवरच्या पत्र्यावर रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं वाळत घातली. आमसुलं करताना त्या सालांना रातांब्याच्याच रसाची पुटं द्यावी लागतात, आणि तो आंबट लाल रस पत्र्याच्या पन्हळीतून खाली गळतो. तो दरवर्षी अंगणात गळायचा. यंदा कॅमेऱ्याच्या छपरावर गळत होता.

थोड्याच दिवसांत काकांचा फोन आला. "बाय, कॅमेरा फॉल्टी हाय."

"काय झालं?"

"वरची कड काळी होती ना, ती पिवळी पडत चाललीय. रोज जास्त. कलर फुटतोय. वॉरंटीत हाय तोवर बोल त्याला."

मी दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या मोबाइलवर चित्र बघितलं. खरंच, अंगण, चाव्या, काकीची खुर्ची सगळं ठीक, आणि वर एक पिवळीधमक कमान. भिंग पुसा, तो म्हणाला. काकीनं काठीला फडकं बांधून भिंग पुसलं. कमान आणखी उजळली. मग तो म्हणाला उन्हामुळे. मग म्हणाला सिमकार्डामुळे. ग्रुपवर एका भाच्यानं लिहिलं की चित्र आता छान दिसतं, देवाच्या मागे प्रभावळ असते तसं. काकांनी त्याला कळवलं की हा गमतीचा विषय नाही, आजोबांची परात गेलेली आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत काका स्वतःच आले. सोबत स्क्रूड्रायव्हर, आणि कॅमेरा कंपनीला सुनवायची तयारी. मीही गेले होते. त्यांनी खांबावरून स्वतःची चावी घेतली, बॅग घरात टाकली, आणि शिडी लावून वर चढले. काकी खाली खुर्चीत. आजूबाजूच्या बायका भांडी घासायचं सोडून बघायला आल्या. मुंबईत नऊ घरांत टिंग झालं.

काकांनी भिंगात बघितलं. मग वरच्या कडेला हात लावला, आणि अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला, हळू, आंधळा माणूस वाचतो तसा. रसानं धुऊन निघालेल्या काठावर ठिपके होते. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जात काकांनी स्वतःच्या वडिलांचं अख्खं नाव वाचलं, उलटं, शिडीवर मान वाकडी करून.

"भाऊजी, काय झालं?" काकीनं विचारलं. "गांधीलमाशी हाय काय?"

"परात," काका म्हणाले.

मग तार सोडून परात खाली उतरवली. बाहेरून ती लखलखत होती. आतून अजून सिमेंट.

"ह्यात शिमिट कोनी कालवलान?" काकीनं विचारलं. खरोखर विचारलं, टोमणा म्हणून नाही. पण एक बाई काकांच्या तोंडाकडे बघत होती, तिनं आपला मोबाइल काढला, काकांचा गोल फोटो दाबून मोठा केला आणि सगळ्यांसमोर धरला. फेटा, हार, पाहुणे. नारळ कुठंच नव्हते. कालवलेल्या सिमेंटचा पहिला माल होता, आणि तो ज्यात होता ती ही.

मग काकांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. सभामंडपाच्या पहिल्या मालाला पाहुणे यायचे होते. जवळ निळी प्लास्टिकची घमेली होती. पाहुण्यांच्या हातात प्लास्टिक कसं द्यायचं, म्हणून काका ओरडले, एखादी चांगली परात आणा रे. काका त्या दिवशी गाडीतून थेट देवळात उतरले होते आणि काकीही तिथंच होती; कोणीतरी खिळ्यावरची चावी काढून, जवळचं घर उघडून, चांगली परात आणली. पाहुणे उशिरा आले, मग भाषणं झाली, आणि भाषणं संपेपर्यंत माल दगड झाला. काकांनीच माणसांना सांगितलं होतं, ठेवा काकीच्या गोठ्यात मागं, कोणाला बोलू नका.

"मला काय माहीत आपलीच हाय," ते म्हणाले. "मला वाटलं तुझी."

काकी खुर्चीतून उठली. "माझी असती तर चालली असती?"

काकांनी परातीतल्या सिमेंटकडे बघितलं. बायकांनी काकांकडे बघितलं. मी माझ्या सगळ्या पत्रकांत एवढं नेमकं वाक्य कधी लिहिलेलं नाही, आणि ते लिहून घ्यायला माझ्याकडे कागद नव्हता.

"चूक झाली," शेवटी काका म्हणाले आणि खांबावरचा चाव्यांचा घोस काढून तिच्यापुढे धरला.

काकीनं हात पुढे केला नाही. "मला नका सांगू. त्याला सांगा." तिनं हनुवटीनं वाशाकडे दाखवलं. "बायका सांगतात ना, झाऱ्यापासून."

"त्याला ऐकायला येत नाय."

"बायकांचंबी येत नव्हतं."

तेव्हा मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांनी पितळेची परात दोन्ही हातांनी छातीशी धरली, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "परात सापडली. मीच नेली व्हती. चाव्या काकीकडंच राहतील." बहिऱ्या कॅमेऱ्याला यातलं काही कळलं नाही. मुंबईत लोकांना दिसलं ते एवढंच की काका पुन्हा तोच फोटो काढतायत, फक्त फेटा नाही. ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे आले.

काकीनं चाव्या घेतल्या आणि स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खिळ्यावर अडकवल्या. तिथं कॅमेरा पोचत नाही. माझी ती अट होती. मग बाहेर येऊन तिनं काकांकडे हात केला.

"तुमची पन द्या. खिशात हाय ती."

"अगो, घर उघडं हाय माझं. सामान आत हाय."

"द्या. बसा हितं पडवीत. चहा ठेवलाय. आलात तसे चहा न घेता शिरलात घरात. चहा झाला की देते."

काका बसले. मांडीवर परात घेऊन, चहा येईपर्यंत नखानं सिमेंट खरवडत. ते आजही पूर्ण निघालेलं नाही.

कॅमेरा काढून टाकावा असं मी सुचवलं. वाडीतल्या बायकांनी ठराव फेटाळला. भांडी दाखवायची त्यांना आता सवय झाली होती. पण पाऊस तोंडावर आला होता आणि छप्पर गेलं होतं. म्हणून पाहुण्यांच्या हातात जे शोभलं नसतं ते निळं प्लास्टिकचं घमेलं आता कॅमेऱ्यावर बांधलेलं आहे. मुंबईला परतल्यावर काकांचा पहिला संदेश आला: 'वरची कड निळी येतेय. चालेल.'